स्टॉपचे बटण दाबूनही बोटीचे इंजिन बंद होत नसेल तर

तापीवरील उकाई धरणाच्या फुगवट्यावर, नवापूर तालुक्याच्या बाजूला, मासेमारी संस्थेची बोट चालवणाऱ्या एका भाऊंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बोट लोखंडी असून वीस-पंचवीस वर्षांची जुनी आहे. तिच्यावर पूर्वी ट्रॅक्टरवर असलेले तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवलेले आहे. सकाळच्या पहिल्या फेरीनंतर स्टॉपचे बटण दाबले की इंजिन लगेच थांबते, परंतु दुपारनंतर तेच बटण कितीही वेळ दाबून धरले तरी ‘इंजन बंद व्हत नही’. बटण दोनदा बदलून झाले आहे आणि आता सोलेनॉइड, म्हणजे विजेने दांडा ओढून डिझेल तोडणारा भाग, बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तोवर डिझेलचा कॉक बंद करून इंजिन थांबवले जाते आणि दुसऱ्या दिवशी एअर, म्हणजे डिझेलच्या नळीत शिरलेली हवा, काढण्यात अर्धा तास जातो.

भाऊ, शहादा-तळोदा पट्ट्यात शेतावरची इंजिने आणि अक्राणीच्या बाजूला नर्मदेच्या फुगवट्यावरील बोटी दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या प्रश्नातील ‘सकाळी चालते, दुपारी चालत नाही’ एवढ्या शब्दांतच निम्मे निदान आलेले आहे. बटण खराब असते, तर त्याने सकाळ-दुपार असा भेद सहसा केला नसता. त्यामुळे तिसरे बटण आणू नका आणि सोलेनॉइडवरही एवढ्यात पैसे घालू नका.

आधी आजच्या संध्याकाळची सोय पाहू. कॉक बंद करून इंजिन थांबवणे ही अडचणीच्या वेळची तोड आहे, रोजची पद्धत नव्हे. आपल्या इंजिनावर गोल, म्हणजे रोटरी प्रकारचा डिझेल पंप असेल, तर त्याच्या आतील भागांना वंगण डिझेलचेच मिळते. रोज तो कोरडा पडेपर्यंत फिरवला, तर काही महिन्यांत स्टॉपच्या बटणापेक्षा कितीतरी महागडे काम निघेल. त्याऐवजी पंपावरच बंद करण्याची एक छोटी दांडी असते, ती शोधा. सोलेनॉइडचा दांडा किंवा स्टॉपची केबल जिथे जोडलेली आहे तीच ही दांडी होय. इंजिन मंद वेगावर आणून ती दांडी हाताने बंदच्या दिशेला शेवटपर्यंत दाबून धरली, तर दोन-तीन सेकंदांत इंजिन थांबते आणि एअरही घेत नाही. हे करताना गळ्यातील रुमाल किंवा उपरणे काढून ठेवावे, कारण पंखा आणि पट्टा तिथून हातभर अंतरावरच फिरत असतात. बोटीवरील दुसऱ्या माणसालाही ही दांडी दाखवून ठेवा. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच मात्र कधीही बंद करू नका. आपल्या प्रकारचे इंजिन त्याने थांबणार नाही, उलट अल्टरनेटरमधील, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रातील, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळण्याची दाट शक्यता आहे.

आता मूळ मुद्दा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, म्हणून वीज तोडली की इंजिन बंद, हा मोटारसायकलचा हिशेब इथे लागू पडत नाही. डिझेल इंजिन थांबवायचे म्हणजे त्याचे इंधन तोडायचे, आणि ते इंधन सोलेनॉइडने तोडायचे असेल तर त्याच्या दोन अगदी उलट रीती आहेत. पहिल्या रीतीत सोलेनॉइडला वीज मिळाली की तो दांडी ओढतो आणि इंजिन थांबते. वीज गेली तर इंजिन चालूच राहते. दुसऱ्या रीतीत इंजिन चालू असेपर्यंत सोलेनॉइडला वीज मिळतच राहावी लागते, आणि ती गेली की आतील झडप बसून डिझेल बंद होते. तपासणीची सगळी दिशाच या दोन रीतींत बदलते. एकीत न थांबणे म्हणजे वीज पोहोचत नाही असे असते. दुसरीत न थांबणे म्हणजे नको असताना कुठून तरी वीज पोहोचते आहे असे असते. वायरमनला हे आधी सांगितले नाही, तर तो दिवसभर उलट्या बाजूने शोधत बसतो.

आपल्याकडे बटण दाबून धरावे लागते, म्हणजे आपली रीत पहिली, वीज मिळाल्यावर बंद करणारी. खात्री करायची असेल तर इंजिन बंद ठेवून, चावी चालू करून कोणाला तरी बटण दाबायला सांगा आणि पंपाशी लक्ष द्या. बटण दाबताच दांडी खटकन हलली आणि सोडताच मागे आली, की रीत नक्की झाली. मात्र बटण तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त दाबू देऊ नका.

याच ठिकाणी एक साधी गोष्ट विचारून घेतो, कारण ती विचारायला मी स्वतः अनेकदा विसरलो आहे. पुष्कळ जुन्या बोर्डांवर स्टॉपच्या बटणाला वीज चावीतून येते. चालक घाईत आधी चावी बंद करतो, मग बटण दाबतो, आणि बटण मेले असे म्हणतो. आधी बटण, इंजिन पूर्ण थांबल्यावर चावी, हाच क्रम हवा. सकाळी एक माणूस बोट चालवत असेल आणि दुपारी दुसरा, तर हे आधी तपासा. हसू नका, एकदा याच कारणासाठी मी धडगावचा घाट चढून गेलो आहे.

क्रम बरोबर असेल, तर पुढे दुपारी नेमके काय बदलते याचा विचार करू. सकाळी इंजिन फार वेळ चाललेले नसते. दुपारी इंजिनाचा कप्पा तापलेला असतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवाच ४५ अंशांपर्यंत गेलेली असते. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे, आणि तांबे तापले की दर अंशामागे त्याचा विद्युत रोध सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. वेटोळे सकाळपेक्षा ५० अंशांनी तापले, तर रोध साधारण २० टक्क्यांनी वाढलेला असतो. एवढ्याने चांगली यंत्रणा बंद पडत नाही, बनवणाऱ्याने तेवढी सूट ठेवलेली असते. पण जुन्या बोटीत ती सूट वायरिंगने आधीच खाऊन टाकलेली असते.

हिशेब करून पाहू. समजा वेटोळ्याचा रोध १ ओम आहे, तर १२ व्होल्टवर त्यातून १२ अँपिअर प्रवाह जातो. आता गंजलेले थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी), बारीक वायर, सैल फ्यूज आणि रंगावर कसलेले अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी) या सर्वांचा मिळून केवळ ०.३ ओम रोध वाटेत आहे असे धरा. प्रवाह ९.२ अँपिअरवर येतो. सोलेनॉइडची ओढ साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती मूळच्या ६० टक्क्यांच्या आसपास उरते. एवढ्या ओढीवर सकाळी कसेबसे भागते. दुपारी वेटोळ्याचा रोध १.२ ओम होतो, वाटेतील ०.३ तसाच राहतो, प्रवाह ८ अँपिअरवर उतरतो आणि ओढ ४५ टक्क्यांच्याही खाली जाते. त्यात दांडा धुळीने आणि जुन्या ग्रीसने जड झालेला असेल, तर तो जागचा हलत नाही. आपले दुपारचे दुखणे बहुधा हेच आहे. नवा सोलेनॉइड बसवला तर त्याचा नवा, मोकळा दांडा काही दिवस ही कमतरता झाकून ठेवेल आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हेच पत्र येईल.

हे सिद्ध करण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो, पण तो ओमवर लावू नका. वायरमन ‘कंटिन्युटी आहे’, म्हणजे वाट सलग आहे, असे सांगून मोकळा होतो, आणि तिथेच चूक होते. वीस तारांच्या वायरमधील एकच तार शिल्लक असली तरी मीटर पीं करून वाजतो. त्याच एका तारेतून १२ अँपिअर मात्र जात नाहीत. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि सर्व मापे बटण दाबलेले असताना घ्या, कारण प्रवाह वाहत असेल तेव्हाच वाटेतील तूट दिसते. मापे दुपारी, इंजिन तापलेले असताना घ्यावीत. सकाळी थंडपणी घेतलेली मापे आपली फसवणूक करतील. दोन माणसे लागतील, एक बटणावर आणि एक मीटरवर.

पहिले माप सोलेनॉइडच्या दोन टोकांवर घ्या. एकच वायर येत असेल तर ते टोक आणि सोलेनॉइडचे अंग यांच्यावर. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात, आणि बंद इंजिनावर पूर्ण भरलेल्या बॅटरीचे १२.६ च्या आसपास. बटण दाबल्यावर सोलेनॉइडपाशी बॅटरीपेक्षा एक व्होल्टच्या आतबाहेर कमी दिसले आणि तरीही दांडा ओढला गेला नाही, तर दोष सोलेनॉइडमध्ये किंवा दांडीच्या जोडणीत आहे. आठ-नऊ व्होल्टच दिसले, तर दोष वाटेत आहे. काहीच दिसले नाही, तर वाट कुठेतरी पूर्ण तुटलेली आहे. मग फ्यूजपासून सुरुवात करा.

वाटेतील दोष शोधताना मीटरचा लाल वायरचा काटा बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर कायम ठेवा आणि काळा काटा सोलेनॉइडच्या पॉझिटिव्ह टोकावर लावून बटण दाबायला सांगा. जो आकडा दिसेल ती त्या संपूर्ण बाजूची तूट. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. त्यापुढे काळा काटा एकेक जोड मागे आणत चला, बटणाच्या पुढे, बटणाच्या मागे, चावीच्या मागे, फ्यूजच्या पुढे, फ्यूजच्या मागे. दोन जागांमध्ये आकडा जिथे एकदम घसरतो, तिथे आपला गुन्हेगार आहे. मग काळा काटा बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि लाल सोलेनॉइडच्या अंगावर लावून तेच करा. या बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे. माझा कल या दुसऱ्या मापाकडे अधिक आहे, कारण पॉझिटिव्हच्या वायरीकडे सगळे पाहतात आणि निगेटिव्हकडे कोणीच पाहत नाही. ट्रॅक्टरचे इंजिन बोटीत रबरी पायांवर बसवले जाते, आणि ट्रॅक्टरच्या चासीतून जे अर्थिंग आपोआप मिळत होते ते इथे मिळत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत जाड केबल असलीच पाहिजे, आणि तिचे टोक रंगावर न बसता घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर बसले पाहिजे. बोटीचे लोखंडी अंगच निगेटिव्ह म्हणून वापरलेले आढळले, तर ते तेवढ्यावर सोडू नका. स्टॉपच्या बटणाचा प्रश्न सुटेल, पण पाण्याखालील पत्र्याचा गंज वाढत राहील.

मीटर नसेल तर जीपच्या हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडून सोलेनॉइडऐवजी लावा. तो साडेचार अँपिअर ओढतो. बॅटरीवर थेट लावल्यावर जेवढा उजेड पडतो, त्यापेक्षा स्टॉपच्या वायरीवर स्पष्टपणे पिवळट पडला, तर वाट खराब आहे हे मीटरशिवायही कळते. छोटा इंडिकेटर बल्ब मात्र इथे निरुपयोगी, तो खराब वायरीवरही छान पेटतो.

तापीच्या गोड्या पाण्यावर समुद्रासारखा खारा गंज लागत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. तळातील पाण्याची वाफ वायरीच्या आवरणाच्या टोकातून आत शिरते आणि तांबे हिरवट-काळे होऊन भुगा होतो. थिंबल बाहेरून ठीक दिसते. आवरण इंचभर सोलल्यावर खरे रूप दिसते. काळी पडलेली तार पॉलिश पेपरने घासून वाचवण्याचा प्रयत्न करू नका, चकाकणारे तांबे लागेपर्यंत कापा आणि नवे थिंबल दाबून बसवा. पावसाळ्यात बोट काठाला बांधून ठेवली असेल, तर उंदरांनी कुरतडलेल्या जागाही पाहाव्या लागतील. वायर नवी घालायची झाली तर अनेक बारीक तारांची घ्या, घरातील भिंतीत घालतात ती एका जाड तारेची घेऊ नका. इंजिनाच्या थरथरीने ती थिंबलपाशीच तुटते. जाण्या-येण्याचे मिळून १० मीटर अंतर असेल तर १ चौरस मिलिमीटरच्या वायरीतच पावणेदोन दशांश ओमच्या आसपास रोध भरतो, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तो ०.०७ वर येतो. मी ४ चौरस मिलिमीटरची घालतो.

आता बटणाकडे येऊ. दोन बटणे का गेली, याचे उत्तर बहुधा बटणाच्या प्रकारात आहे. बाजारातून घराच्या बेलचे किंवा हॉर्नचे बटण आणून लावले जाते. बेलच्या बटणावर लिहिलेले अँपिअर २३० व्होल्टच्या एसीसाठी असतात. एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येत असल्याने ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या डीसीला तशी विश्रांती नाही, आणि वेटोळ्याचा प्रवाह तोडताना ठिणगी अधिकच लांबते. बटणाच्या आतील टिकल्या थोड्याच दिवसांत काळ्या होतात. म्हणून १२ अँपिअर बटणातून नेऊच नयेत. मोटारींसाठी मिळणारा ३०-४० अँपिअरचा चार पायांचा रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच, इंजिनाजवळ, पण कोरड्या आणि उंच जागी बसवा. बॅटरीपासून फ्यूजमधून येणारी जाड वायर पाय ३० वर, ८७ वरून सोलेनॉइडकडे, ८६ वर बटणाची बारीक वायर आणि ८५ वर निगेटिव्ह. बटणातून मग अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो आणि चालकाच्या बोर्डापर्यंत जाड वायर न्यावी लागत नाही. सोलेनॉइडच्या दोन टोकांवर १एन५४०८ क्रमांकाचा डायोड, पट्टा असलेले टोक पॉझिटिव्हकडे ठेवून, जोडला तर रिलेचे आयुष्य वाढते. तो उलटा जोडला तर बटण दाबताच फ्यूज उडेल, तेवढे पाहावे.

सोलेनॉइड आणि दांडी यांच्या जोडणीबद्दल माझीच एक चूक सांगतो. नर्मदेच्या फुगवट्यावरील एका बोटीचा जळलेला सोलेनॉइड मी बदलला, बटण दाबले, इंजिन थांबले, पैसे घेतले आणि निघालो. आठवड्यात नवा सोलेनॉइडही जळाला. त्यात दोन वेटोळी होती: एक जोरदार, ओढून घेण्यापुरते, तीस अँपिअरच्या घरात प्रवाह घेणारे, आणि दुसरे हलके, धरून ठेवण्यापुरते. दांडा तळापर्यंत पोहोचला की आतील एक टिकली सुटते आणि जोरदार वेटोळे आपोआप बंद होते. सोलेनॉइडपासून पंपाच्या दांडीपर्यंत मी केलेली जोडणी तीन-चार मिलिमीटर आखूड पडत होती. पंपाची दांडी तिच्या अडथळ्याला आधी टेकत होती, दांडा तळाला जातच नव्हता, आणि बटण दाबलेले असेपर्यंत जोरदार वेटोळे भाजत राहायचे. दुसरा सोलेनॉइड मी माझ्या खर्चाने बसवला. तेव्हापासून मी जोडणी आधी हाताने पाहतो: दांडा बोटाने पूर्ण आत ढकलला असता तो तळाला टेकतो का, आणि त्याच वेळी पंपाची दांडी पूर्ण बंदवर येते का, या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या पाहिजेत. दांडा काढून केरोसीनने धुवा, कोरडा पुसा आणि इंजिन ऑइलचा पुसट हात फिरवा. ग्रीस लावू नका. आपल्याकडच्या धुळीत त्याचा चिखल होतो.

दुसऱ्या रीतीचे, म्हणजे वीज असेपर्यंत चालणारे इंजिन ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी एवढेच: चावी बंद करूनही इंजिन थांबत नसेल, तर अल्टरनेटरच्या चार्जिंग दिव्याच्या बारीक वायरीतून उलटी वीज येऊन सोलेनॉइड धरला जातो का ते आधी पाहावे. दिवा किंवा त्याच्यासोबतचा डायोड बदलताना ही गफलत होते. बोटीबाहेर लटकणाऱ्या पेट्रोलच्या इंजिनांचे प्रकरण पूर्ण वेगळे आहे. तिथे स्टॉपची वायर निगेटिव्हला टेकली की ठिणगी बंद होते, त्यामुळे वायर तुटली तर इंजिन थांबत नाही आणि वायर सोलवटून अंगाला लागली तर सुरूच होत नाही.

आणखी एक प्रसंग असा असतो, ज्यात कोणताही स्टॉप स्विच उपयोगाचा नाही. टर्बोचे (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचे) सील गेले, किंवा ऑइल मर्यादेपेक्षा जास्त भरले, तर डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन भडकते, वेग वाढतच जातो आणि दाट निळा धूर निघतो. त्या वेळी हवा तोडावी लागते. एअर फिल्टरचे तोंड झाकेल अशी जाड फळी बोटीत ठेवलेली असावी. हाताचा तळवा किंवा फडके लावू नये, इंजिन ते आत ओढते. वेग फार चढलेला असेल तर जवळ न जाता माणसांना दूर करणे योग्य.

राहता राहिली हाताने ओढायची केबल. जुन्या ट्रॅक्टरवर आणि ट्रकवर जो स्टॉपर असे, तोच बोटीवर सोलेनॉइडच्या जोडीला बसवावा असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च थोडा आहे, आणि तिला ना बॅटरी लागते ना अर्थिंग. मात्र केबल दांडीला थेट घट्ट बांधू नका. लांबट खाच असलेल्या पट्टीतून जोडा, म्हणजे सोलेनॉइड ओढेल तेव्हा केबल आडवी येणार नाही आणि केबल ओढाल तेव्हा सोलेनॉइड. वळणे मोठी ठेवा, बाहेरील आवरणाचे वरचे टोक पाणी शिरणार नाही असे खाली तोंड करून बांधा, आणि आठवड्यातून एकदा बटणाला हात न लावता केबलनेच इंजिन बंद करा, कारण न वापरलेली केबल एका पावसाळ्यात आवरणातच अडकून बसते.